थेट व्हॅस्क्युलर सर्जरीकडे : अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या रेसिडेन्सीची तयारी

मधुमेहामुळे अंगठा काळा पडलेला रुग्ण, पोटातल्या महाधमनीला फुगवटा आलेले आजोबा, अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेलेल्या आणि मानेतली धमनी अरुंद झालेल्या बाई, डायलिसिससाठी हातात फिस्टुला करून घ्यायला आलेला तरुण. ही सगळी माणसं एकाच डॉक्टरच्या ओपीडीत बसलेली असतात. हृदयाच्या आणि कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्या सोडल्या, तर उरलेल्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे विकार व्हॅस्क्युलर सर्जन पाहतो. अमेरिकेत मेडिकल कॉलेज संपताच थेट या शाखेत शिरण्याची पाच वर्षांची रेसिडेन्सी आहे. तिला इंटिग्रेटेड किंवा बोलीभाषेत 'झिरो प्लस फाइव्ह' म्हणतात. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलामुलींसाठी आणि भारतातून यूएसएमएलई देऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

या मार्गाची अट कठीण आहे. तो फार लवकर निर्णय मागतो. जनरल सर्जरीत शिरलेल्याला पाच वर्षांत मन बदलायला वाव असतो; इथे विशीच्या मध्यावरच आयुष्यभराची शाखा ठरते. म्हणून अर्जाची खरी तयारी म्हणजे आपली निवड पारखून घेणं. ती पारख पक्की असेल तर शिफारसपत्रं, निबंध आणि मुलाखत यांना आपोआप वजन येतं. ती कच्ची असेल तर चांगले गुणही फार पुढे नेत नाहीत.

दोन वाटा

पूर्वी वाट एकच होती. पाच वर्षं जनरल सर्जरी, मग दोन वर्षांची व्हॅस्क्युलर फेलोशिप. हा 'फाइव्ह प्लस टू' मार्ग आजही सुरू आहे. २००६ पासून जनरल सर्जरीचं प्रमाणपत्र न घेताही व्हॅस्क्युलर सर्जरीचं प्रमाणपत्र मिळवण्याची सोय झाली आणि त्यानंतर इंटिग्रेटेड रेसिडेन्सी सुरू झाल्या.

यामागचं कारण समजून घ्यायला हवं, कारण मुलाखतीत ते वेगवेगळ्या रूपांत विचारलं जातं. १९६४ मध्ये पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या एका वृद्ध स्त्रीच्या मांडीतली धमनी नळीच्या साहाय्याने रुंद केली. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतून कृत्रिम नळी सरकवून महाधमनीचा फुगवटा आतून बंद केला. त्यानंतर या शाखेचं निम्मं काम एक्स-रेच्या पडद्याकडे पाहत, वायर आणि कॅथेटर हाताळत होऊ लागलं. उघडी शस्त्रक्रिया आणि आतून केलेले उपचार, दोन्हींत तयार व्हायला शेवटची दोन वर्षं अपुरी पडू लागली. पहिल्या वर्षापासून रक्तवाहिन्यांचा विचार करणारा सर्जन घडवावा, हा इंटिग्रेटेड प्रशिक्षणाचा हेतू आहे.

दोन्ही वाटांचा हिशेब साधा आहे. इंटिग्रेटेड मार्गात दोन वर्षं वाचतात, पण जनरल सर्जरीचं प्रमाणपत्र मिळत नाही. फाइव्ह प्लस टू करणाऱ्याला दोन्ही प्रमाणपत्रं मिळवता येतात आणि पोटाच्या शस्त्रक्रियांचा भरपूर सराव होतो. लहान गावात सगळ्या प्रकारची सर्जरी करायची इच्छा असेल, तर दुसरी वाट अधिक उपयोगाची. रक्तवाहिन्यांशिवाय दुसरं काही नकोच, असं मनापासून वाटत असेल तर पहिली.

आधी काम डोळ्यांनी पाहा

इंटिग्रेटेड रेसिडेन्सीच्या देशभरात मिळून दरवर्षी शंभराच्या आसपासच जागा असतात. निवड करणारे लोक एकमेकांना ओळखतात, त्यामुळे उसनी आवड लगेच उघडी पडते. ही शाखा थरारक शस्त्रक्रियांसाठी निवडू नका. तिच्यातला थरार खरा आहे, पण तो कामाचा छोटा भाग आहे. इथला रुग्ण एकदा ऑपरेशन होऊन सुटत नाही. बायपास तीन वर्षांनी बंद पडतो, फिस्टुला पुन्हा अरुंद होतो, एका पायाची जखम भरते तोवर दुसऱ्या पायाची चिघळते. सिगारेट सोडा, हे वाक्य त्याच माणसाला वर्षानुवर्षं न चिडता सांगावं लागतं. पाय वाचवण्याची शर्थ करूनही कधी कधी तो कापावा लागतो, आणि त्या निर्णयानंतर रुग्णाच्या घरच्यांसमोर बसावं लागतं. हे पाहूनही तुमची ओढ कायम राहिली, तर ती खरी.

म्हणून ऑपरेशन थिएटरच्या आधी ओपीडीत आणि व्हॅस्क्युलर लॅबमध्ये जा. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर कसं काढतात, ते शिका. ते ०.९ च्या खाली गेलं की पायाच्या धमन्यांत अडथळा असल्याचा अंदाज बांधता येतो. मधुमेहाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत धमन्या चुन्यासारख्या कडक झाल्या की तोच आकडा फसवा, म्हणजे वाढलेला येतो. मग अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. एवढी एक गोष्ट स्वतः करून समजून घेतलेला विद्यार्थी पाठांतर करून आलेल्यापेक्षा वेगळा उठून दिसतो.

अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांत व्हॅस्क्युलर सर्जरीत रस असलेल्या विद्यार्थ्यांचे गट असतात. सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरी ही तिथली मुख्य संघटना. तिचं वार्षिक अधिवेशन उन्हाळ्यात भरतं आणि त्यात विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम असतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच तिथे गेलात, तर पुढे ज्यांच्यासमोर मुलाखतीला बसायचं ती माणसं आधीच ओळखीची होतात.

अर्जात काय हवं

अर्ज ईआरएएस या ऑनलाइन पद्धतीने सप्टेंबरात जातात. मुलाखती साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत होतात, पसंतीक्रमाची यादी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरायची असते आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅचचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पसंती जुळवून केलेल्या जागावाटपाचा, निकाल लागतो. तारखा दरवर्षी थोड्या हलतात, तेव्हा त्या वर्षीचं वेळापत्रक समोर ठेवूनच आखणी करा.

परीक्षा : जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या स्टेप १ चा निकाल फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. त्यामुळे स्टेप २ सीकेच्या गुणांना महत्त्व आलं आहे. हे गुण अर्ज पाठवण्याआधी हातात असावेत.

शिफारसपत्रं : एका रेसिडेन्सी कार्यक्रमाला चार पत्रांपर्यंत पाठवता येतात. निदान दोन तरी व्हॅस्क्युलर सर्जनची असावीत, आणि ती तुम्हाला खरोखर काम करताना पाहिलेल्यांची असावीत. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाने लिहिलेल्या चार गुळमुळीत ओळींपेक्षा, महिनाभर रोज राउंडवर पाहिलेल्या तरुण सर्जनने 'ही मुलगी रात्री दोन वाजता स्वतःहून रुग्णाची नाडी तपासायला गेली' असं लिहिणं कितीतरी पटीने मोलाचं. पत्र मागताना सरळ विचारा, "माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिता येईल का?" उत्तर द्यायला कुणी घुटमळलं, तर दुसरं दार ठोठावा.

सब-इंटर्नशिप : शेवटच्या वर्षात आपल्या आणि एक-दोन बाहेरच्या रुग्णालयांत चार-चार आठवडे काम करण्याची ही संधी म्हणजे महिनाभर चाललेली मुलाखतच असते. सकाळी सगळ्यांच्या आधी पोहोचून प्रत्येक रुग्णाच्या पायाची नाडी पाहा. ती हाताला लागते की फक्त डॉपलरवर ऐकू येते, हे राउंडवर नेमकं सांगा. उद्याच्या शस्त्रक्रियेचं सीटी अँजिओग्राम आदल्या रात्री स्वतः चाळा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा आणि दुसऱ्या दिवशी वाचून या.

संशोधन : शोधनिबंधांची संख्या वाढवण्याच्या मागे लागू नका. एक प्रश्न धरून शेवटापर्यंत नेलेलं काम पुरेसं बोलतं. तुमच्या नावावरच्या प्रत्येक ओळीबद्दल मुलाखतीत विचारलं जाऊ शकतं. शाखेतले ताजे वादही वाचून ठेवा. पायाचा रक्तपुरवठा धोक्यात आलेल्या रुग्णांत आधी बायपास की आधी आतून उपचार, या प्रश्नावर २०२२ च्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात, पायातली चांगली शीर उपलब्ध असेल तर बायपासचं पारडं जड ठरलं. २०२३ च्या बेसिल-२ अभ्यासाने गुडघ्याखालच्या धमन्यांच्या रुग्णांत उलट कौल दिला. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण आणि मोजमापं कशी वेगळी होती, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

निबंध : एका पानात बालपणापासूनची कहाणी बसवू नका. तुम्ही पाहिलेला एखादा रुग्ण, त्यातून तुम्हाला या कामाचं काय उमगलं आणि पुढे कसला सर्जन व्हायचंय, एवढं पुरे. अलीकडे अर्जासोबत मोजक्या कार्यक्रमांना 'मला तुमच्याकडे यायचंय' असा संकेत पाठवण्याचीही सोय झाली आहे. असे संकेत जिथे खरोखर जायचं आहे तिथेच खर्च करा.

भारतातून अर्ज करताना

इथे स्पष्ट बोलायला हवं. इंटिग्रेटेड व्हॅस्क्युलरच्या बहुतेक जागा अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना जातात. भारतातून एमबीबीएस करून थेट या मार्गात शिरणारे थोडे असतात. अशक्य नाही, पण सगळी मदार त्यावर ठेवू नये. अनेक परदेशी पदवीधर एखाद्या व्हॅस्क्युलर विभागात एक-दोन वर्षं संशोधन करतात, तिथल्या सर्जनांना आपलं काम दाखवतात आणि मग अर्ज करतात. त्याच वेळी जनरल सर्जरीलाही अर्ज करून ठेवणं शहाणपणाचं. जनरल सर्जरीतून व्हॅस्क्युलर फेलोशिपला जाण्याची वाट परदेशी पदवीधरांना तुलनेने अधिक मोकळी आहे.

शिकत असतानाच अमेरिकेत प्रत्यक्ष रुग्ण हाताळण्याची इलेक्टिव्ह करता येते. पदवी हाती पडल्यावर बहुतेक ठिकाणी नुसतं पाहण्याची, म्हणजे ऑब्झर्व्हरशिपचीच मुभा उरते. म्हणून इलेक्टिव्हची आखणी शेवटच्या वर्षाच्या आधीच सुरू करा. परदेशी पदवीधरांना लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, त्यासाठी लागणारी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि कॉलेजकडून जाणारी कागदपत्रं यांना महिने लागतात. आपल्याकडे विद्यापीठाच्या खिडकीवर एका सहीसाठी किती दिवस जातात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

व्हिसाचा विचार अर्जाच्या दिवशी नव्हे, आधी करा. बहुतेक परदेशी रेसिडेंट जे-१ व्हिसावर असतात. त्यासाठी भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करून या अटीतून सूट मिळवता येते. जे-१ वर प्रशिक्षणाची मर्यादा साधारणपणे सात वर्षांची आहे. फाइव्ह प्लस टूमध्ये ती पुरती भरते. सुरुवातीला एक वर्षाच्या प्रिलिमिनरी जागेत काम केलंत आणि ते वर्ष पुढे धरलं गेलं नाही, तर हिशेब आठवर जातो. एच-१बी व्हिसासाठी स्टेप ३ आधीच उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. प्रत्येक कार्यक्रम कोणता व्हिसा देतो, हे अर्जाचे पैसे भरण्यापूर्वी त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या.

भारतातली वाटही डोळ्यांसमोर असू द्या. तीन वर्षांचं एमएस जनरल सर्जरी आणि त्यानंतर नीट-एसएसमधून व्हॅस्क्युलर सर्जरीचं तीन वर्षांचं एमसीएच किंवा डीआरएनबी. मधुमेहाचा पाय आणि डायलिसिसचे रुग्ण आपल्याकडे इतके आहेत की या शाखेच्या सर्जनला काम कमी पडणार नाही. एमएस करून नंतर अमेरिकेला जायचं, असा बेत असेल तर लक्षात ठेवा, की तिकडे साधारणपणे रेसिडेन्सी पुन्हा पहिल्या वर्षापासूनच करावी लागते.

मुलाखत आणि पसंतीक्रम

मुलाखती बहुतेक ऑनलाइन असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि मुलाखती रात्री उशिरापर्यंत चालतात. त्या दिवशी कामावरून थकून येऊन स्क्रीनसमोर बसू नका.

तुम्हीही त्यांना नेमके प्रश्न विचारा. पोट उघडून महाधमनीच्या शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात आणि त्यात रेसिडेंटच्या हातात काय येतं? आतून उपचार वाढल्याने उघड्या शस्त्रक्रियांचा सराव कमी होत चालला आहे, म्हणून हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याच विभागात फेलोही असतील तर केसेसची वाटणी कशी होते? कॅरॉटिड आणि पायाच्या अँजिओप्लास्टी कार्डिऑलॉजी किंवा रेडिऑलॉजी विभाग करतात की व्हॅस्क्युलर? गेल्या काही वर्षांत कुणी रेसिडेन्सी अर्धवट सोडली का, आणि का? शेवटचा प्रश्न विभागप्रमुखांना नव्हे, रेसिडेंटना विचारा आणि उत्तर देताना ते एकमेकांकडे कसे पाहतात, तेही पाहा.

पसंतीक्रम भरताना एकच नियम पाळा. ज्या क्रमाने जायची खरी इच्छा आहे, त्याच क्रमाने लिहा. 'ते मला घेतील का' याचा अंदाज बांधून यादी वरखाली करू नका. मॅचची गणिती पद्धत अल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी नव्याने आखली आणि ती १९९८ पासून वापरात आहे. ती उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, त्यामुळे वरच्या क्रमांकाला अवघड ठिकाण लिहिल्याने खालच्या ठिकाणची संधी हातची जात नाही.

पाच वर्षांत काय घडतं

पहिल्या दोन वर्षांत जनरल सर्जरी, अतिदक्षता विभाग, ट्रॉमा अशी पायाभूत कामं व्हॅस्क्युलरच्या जोडीने चालतात. पुढची तीन वर्षं मुख्यतः रक्तवाहिन्यांची असतात. शेवटच्या वर्षी चीफ रेसिडेंट म्हणून सगळा वॉर्ड आणि धाकटे रेसिडेंट तुमच्या भरवशावर असतात. काही ठिकाणी मध्ये संशोधनाचं वर्ष जोडलेलं असतं. आठवड्याला ८० तासांची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीने पाळली जाते.

घडण होते ती मात्र रात्रीच्या कॉलवर. इमर्जन्सीतून फोन येतो, पाय एकाएकी थंड पडलाय. तुम्ही पोहोचता तेव्हा पाय पांढरा असतो. दोन्ही पायांवर एकाच वेळी हात ठेवून गारवा कुठून सुरू होतो ते पाहायचं. बोटं हलवायला सांगायचं. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात स्पर्श कळतो का, ते पाहायचं. डॉपलर लावायचा : धमनीचा आवाज नाही, पण शिरेचा आहे का? मनगटाची नाडी अनियमित लागली तर गुठळी हृदयातून आली असण्याची शक्यता मोठी. संवेदना गेलीय आणि बोटंही नीट हलत नाहीत, तर सकाळची वाट पाहायची नाही. काही अडचण नसेल तर हेपॅरिन सुरू करायचं, वरिष्ठांना उठवायचं, थिएटर उघडायला सांगायचं. हे सगळं काही मिनिटांत, आणि फोनवर तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. गुठळी ओढून काढायला वापरतात तो फुग्याचा कॅथेटर थॉमस फोगर्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्वतः शिकत असतानाच घडवला. त्यांनी हातमोज्याच्या रबराचा फुगा मासेमारीचे गळ बांधण्याच्या कसबाने नळीच्या टोकाला बांधला होता. शिकणाऱ्याची नजरही या शाखेला पुढे नेऊ शकते.

हात घरी तयार करावा लागतो. नीडल होल्डर, बारीक चिमटा, ६-० प्रोलीनचा दोन्ही टोकांना सुई असलेला दोरा आणि मुदत संपलेल्या कृत्रिम नळीचा तुकडा एवढं सामान पुरतं. धमनीच्या बाजूने सुई आतून बाहेर काढायची, म्हणजे आतला थर भिंतीपासून सुटत नाही. आतला थर चिमट्यात कधीच पकडायचा नाही. मनगट सुईच्या वळणानेच फिरू द्यायचं, नाहीतर टाक्याचं भोक फाटून रक्त झिरपत राहतं. रोज अर्धा तास दिलात, तर सहा महिन्यांत फरक तुमच्या वरिष्ठांना दिसेल.

दरवर्षी व्हीएसआयटीई ही अंतर्गत परीक्षा असते. रेसिडेन्सी संपल्यावर अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीची आधी लेखी, मग तोंडी परीक्षा. त्याआधी रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचं वाचन करण्याची आरपीव्हीआय ही पात्रताही मिळवावी लागते, म्हणून व्हॅस्क्युलर लॅबमधले दिवस हलक्यात घेऊ नका. केलेली प्रत्येक केस त्याच दिवशी नोंदवा. महिनाअखेरीस आठवून भरलेल्या नोंदीत केसेस हमखास गळतात.

शरीराची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. शिशाचा कोट आणि मानेचा पट्टा नेहमी, डोळ्यांना शिशाचा चष्मा, आणि किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला ड्रॉवरमध्ये नव्हे, अंगावर. एक पाऊल मागे सरकलात तरी किरणांचा मारा झपाट्याने घटतो. गरज नसताना एक्स-रेच्या पेडलवरून पाय काढा. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर रुग्णालयाच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याशी आधीच बोला. हा तुमचा हक्क आहे. झोप, पाठीचे व्यायाम आणि मन मोकळं करायला एखादा माणूस यांसाठीही वेळ राखून ठेवा.

निकाल मनासारखा लागला नाही तर

मॅचच्या आठवड्यातल्या सोमवारीच तुम्हाला जागा मिळाली की नाही ते कळतं, आणि रिकाम्या जागांसाठीची दुसरी फेरी लगेच सुरू होते. त्या दिवसात काय करायचं हे आधीच लिहून ठेवा : जनरल सर्जरीची जागा मिळाली तर घ्यायची का, संशोधनासाठी कोणत्या विभागाला लिहायचं, भारतात परतायचं का. व्हॅस्क्युलर सर्जन होण्याची एक वाट बंद झाली, तरी फाइव्ह प्लस टू आणि एमसीएच या दोन वाटा उघड्याच राहतात. तुमचं आकर्षण अमेरिकेचं होतं की या कामाचं, हे स्वतःला विचारा. कामाचं असेल, तर तुम्ही कोणत्या दारातून आत शिरलात याचा रुग्णाला काही फरक पडत नाही. त्याचा पाय वाचवण्याइतके तुम्ही तयार असावं, एवढंच त्याला हवं असतं, आणि ती तयारी आज, आहात त्या वॉर्डात, पुढच्या मधुमेही रुग्णाचे मोजे उतरवून पाय तपासण्यापासून सुरू करता येते.